१३८०चं हान्झा कॉग: मापं बरोबर, तरी जहाज वाटत नाही. काय चुकतंय?

लो_पॉली

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॉग (हान्झा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाचं मालवाहू जहाज) बनवून अनरियल या गेम इंजिनमध्ये आणलं आहे. काळ साधारण १३८०, समुद्र बाल्टिक, मार्ग ल्यूबेक ते व्हिस्बी. खेळाडू डेकवर फिरतो, मालाच्या जागेत उतरतो आणि जहाज स्वतः हाकतो. मापं ब्रेमेनला सापडलेल्या त्या काळच्या जहाजाची, म्हणजे ब्रेमेन कॉगची घेतली आहेत: लांबी २३.२७ मी., रुंदी ७.६२ मी.

सध्याची अवस्था अशी:
प्रत्येक बाजूला ३४ फळ्या, फटी फक्त नॉर्मल मॅपवर (उठावाचा नुसता भास देणारं चित्र). एक डोलकाठी, एक चौकोनी शीड, शिवाय पुढच्या तिरक्या काठीवर दोन तिकोनी शिडं. मागच्या कॅसलवर (डेकवरचा उंच मंच) चाक. शीड आवरताना कापड वर यार्डकडे (शीड टांगायचा आडवा वासा) गोळा होतं. खाली केबिन, झुले, जिना. वारा फक्त शीड फुगवण्यापुरता, वेग चारही दिशांना सारखा. जहाजासाठी ४० हजार ट्रँगलचं (मॉडेल ज्यांनी बनतं ते त्रिकोण) बजेट.

स्क्रीनशॉट पाहणारे एकच म्हणतात, "छान आहे, पण खेळण्यातलं वाटतं." शेडर, प्रकाश, पाणी सगळं बदलून पाहिलं, फरक पडला नाही. चूक मॉडेलमध्ये आहे की हालचालीत?

फळीवर_फळी

दोन्हीकडे आहे, पण आधी फळ्या मोजा. ३४ हा आकडाच घात करतोय. ब्रेमेन कॉगला कण्यापासून (तळाचं मधलं मुख्य लाकूड) वरच्या काठापर्यंत एका बाजूला १२ पट्ट्या आहेत. म्हणजे एकेक फळी सरासरी अर्ध्या मीटरहून रुंद आणि जवळपास ५ सेंमी जाड. जहाजाशेजारी माणूस उभा केला तर एकच फळी त्याच्या गुडघ्यापर्यंत यायला हवी. बघणाऱ्याची नजर जहाजाचा आकार फळीवरून ठरवते. तुम्ही २३ मीटरच्या जहाजाला बोटभर पट्ट्या लावल्यात, म्हणून ते आइस्क्रीमच्या काड्यांचं दिसतं. याला शेडर काय करणार?

दुसरं, फळ्यांची मांडणी. कॉगच्या बाजू कौलांसारख्या असतात: वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर बाहेरून चढते. तळ मात्र तसा नाही. जहाजाच्या मधल्या भागात तळाच्या फळ्या कडेला कड लावून सपाट बसवलेल्या असतात आणि टोकांकडे जाताना त्याही एकमेकींवर चढू लागतात. पाण्याखालचं कुणी बघत नाही म्हणून हे सोडून द्याल, पण खेळाडू मालाच्या जागेत उतरतो म्हणताय, म्हणजे तळ आतून दिसणार.

ही पायरी नॉर्मल मॅपने भागत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक फळीच्या कडेखाली सावलीची रेघ उमटायला हवी, आणि पुढून पाहताना जहाजाची बाह्यरेषा दातेरी दिसायला हवी. नॉर्मल मॅप यातलं काहीच देत नाही. हिशोब करा: १२ पट्ट्या, दोन बाजू, प्रत्येकीचे लांबीत ४० तुकडे, प्रत्येक तुकड्याला बाहेरचा पृष्ठभाग आणि खालची कड धरून ४ ट्रँगल. झाले ३,८४०. तुमच्या बजेटचा दहावा हिस्साही नाही.

करायची रीत:
१. आधी फळ्यांशिवाय गुळगुळीत कवच बनवा. कणा १५.६ मी. सरळ. दोन्ही टोकांचे खांबही सरळच, फक्त तिरके. पुढचा जास्त झुकलेला, मागचा कमी. खांबाला वळण दिलंत की ते कॉग राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तुमची नाळ (जहाजाचं पुढचं टोक) बाकदार दिसते आहे, तेवढी सरळ करा.
२. या कवचावर १२ रेषा आखा. त्या पाण्याच्या पातळीला समांतर नकोत. मध्यावर फळी रुंद, टोकांकडे निमुळती, आणि रेषा टोकांकडे वर चढत जाणारी. समांतर रेषा हीच मॉडेलमधली सर्वांत जास्त दिसणारी चूक, कारण पट्टे प्रोजेक्ट करून पाडणं सोपं पडतं.
३. प्रत्येक पट्टी वेगळी करून तिची खालची कड ४-५ सेंमी बाहेर ढकला. वरची कड जागची हलवायची नाही.
४. शेवटच्या मीटरभरात ही पायरी हळूहळू शून्यावर आणा. फळी खांबाच्या खाचेत बसते, तिथे जाडी बाहेर येत नाही. हे विसरलात तर नाळेवर सुरीसारखी टोकं बाहेर आलेली दिसतील.
५. एक पट्टी म्हणजे एक अखंड फळी नव्हे. तीन-चार तुकड्यांची करा, आणि शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका.

मग तुळया. जहाजाच्या आडव्या तुळयांची टोकं फळ्या भेदून बाहेर डोकावतात. चौदाव्या शतकातलं कॉग दुरून ओळखायची ही खूण आहे आणि तुमच्या मॉडेलमध्ये ती नाही.

पोत ओकचा आणि करवतीने कापलेला हवा, म्हणजे लांबट, बारीक, एकमेकींना समांतर खुणा. वासल्याने तासलेले खड्डे नकोत. आतल्या बाजूला फळ्यांच्या जोडावर लाकडी बारीक पट्टी आणि तिच्यावर ओळीने ठोकलेले चपटे लोखंडी चिमटे. त्यांना सिंटल म्हणतात. फटीत शेवाळ भरायचं, वरून पट्टी, पट्टीवर सिंटल. अशा जहाजात ते हजारोंनी असतात, तेव्हा मॉडेल करू नका, ट्रिम शीटवर (पुन्हा पुन्हा वापरायच्या पट्ट्यांचं टेक्स्चर) एक ओळ पुरे. पण असू द्या. मालाच्या जागेत खेळाडूच्या डोळ्यांसमोर दुसरं असतंच काय?

चाक_नको

वरच्या प्रतिसादाला +१. माझी फक्त काढून टाकायची यादी.

चाक: अठराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. कॉगला सरळ मागच्या खांबावर लोखंडी बिजागऱ्यांनी टांगलेलं सुकाणू आणि त्याला लाकडी दांडा. एल्बिंग शहराच्या १२४२च्या मुद्रेवर असं मागचं सुकाणू स्पष्ट दिसतं.

झुले: युरोपला झुला कळला तो १४९२नंतर, कॅरिबियन बेटांवरून. १३८०चे खलाशी जागा मिळेल तिथे आडवे होत.

केबिन, जिना, खिडक्या: नाही. डेकच्या फळ्या आडव्या आणि सैल ठेवलेल्या असतात. माल भरायचा तर त्या उचलायच्या. असा डेक पाणी अडवत नाही, लाट आली की पाणी थेट मालावर. म्हणून हेरिंग, मीठ, बिअर, मेण, जे पिंपात बसेल ते पिंपात. जिन्याऐवजी "फळी उचला" हा इंटरॅक्शन द्या, जास्त मजा आहे.

तोफांची भोकं तुम्ही केलेली नाहीत, त्याबद्दल आभार.

आणि पिंपांच्या शेजारी मक्याची कणसं दिसतात ती काढा. मकाही १४९२नंतरचा.

दोर_आणि_शीड

पुढची दोन तिकोनी शिडं आजच्या आज काढा. उत्तर युरोपातल्या चौकोनी शिडाच्या जहाजांवर ती फार उशिरा, सतराव्या शतकात येतात. मग पुढची तिरकी काठी कशाला, असा प्रश्न येईलच. ती चौकोनी शिडाच्याच कामाची आहे. वारा बाजूने घेताना शिडाची वाऱ्याकडची उभी कड सैल पडून फडफडते आणि शीड मागे दुमडतं. ती कड पुढे ताणून धरायला जो दोर लागतो तो बोलाइन. हा दोर जहाजाच्याही पुढून ओढायला हवा, म्हणून ती काठी. खेळात वारा बाजूचा झाला की वाऱ्याकडचा बोलाइन ताणलेला आणि दुसरा सैल, एवढं जरी दाखवलंत तरी जाणकार खूश होतील.

कोकणातली जुनी गलबतं डोळ्यांसमोर ठेवून कुणी तिरपं शीड सुचवेल, तर नको. ती वेगळी जात, वेगळे समुद्र. बाल्टिकचं कॉग म्हणजे एक डोलकाठी, एक आडवा यार्ड, एक चौकोनी शीड.

आकार: या मापाच्या जहाजाला सुमारे २०० चौ.मी., म्हणजे साधारण १४ बाय १४. कापड अरुंद पट्टे उभे शिवून केलेलं, त्यामुळे शिवणी उभ्या. तुमच्या टेक्स्चरवर त्या आडव्या आहेत. यूव्ही (मॉडेलवर टेक्स्चर कसं बसतं ती मांडणी) ९० अंशांत फिरवा, काम संपलं.

आता तुमची सर्वांत मोठी चूक, शीड आवरणं. कापड वर गोळा होणं आणि खलाशी यार्डवर चढून ते बांधणं हे नंतरच्या जहाजांचं दृश्य. इथे अख्खा यार्ड शिडासकट खाली येतो. ॲनिमेशनचा क्रम असा ठेवा: उचलदोर सैल, यार्ड हळूहळू खाली, खालच्या कडेपासून कापड डेकवर साचू लागतं, चार-पाच माणसं ते यार्डकडे ओढून गुंडाळतात, दोरीच्या तुकड्यांनी बांधतात. यार्ड डोलकाठीला दोराच्या कड्याने धरलेला असतो आणि त्या कड्यात लाकडी मणी ओवलेले, म्हणजे तो अडकत नाही. मणी दाखवाच, फार तर २०० ट्रँगल जातील.

वर चढवणं उलट क्रमाने, पण कष्टाचं. त्यासाठी रहाट. ब्रेमेन कॉगवर दोन आहेत: कॅसलच्या खाली आडवा, कॅसलवर उभा. दोन्हींना विहिरीच्या रहाटासारखी वळवायची मूठ नाही! ओंडक्याला भोकं असतात, त्यात दांडे खुपसायचे, पाव वळसा ओढायचा, दांडा काढून वरच्या भोकात घालायचा, पुन्हा ओढायचं. दोन माणसं आळीपाळीने असं करताना दाखवा. एकाचा दांडा भोकात असल्याशिवाय दुसऱ्याने काढायचा नाही, नाहीतर रहाट उलटा फिरेल. ॲनिमेटरने हा नियम पाळला नाही तर दृश्य खोटं वाटतं, आणि का खोटं वाटतं हे कुणाला सांगता येत नाही.

दोरखंड सगळे पांढरे केलेत. डोलकाठीला आधार देणारे पक्के दोर डांबर लावलेले, काळपट तपकिरी. हलते दोर फिके. आधारदोरांवर चढायच्या आडव्या दोऱ्या १३८०च्या कॉगला नसलेल्या बऱ्या.

लो_पॉली

सर्वांना धन्यवाद. चाक, झुले, मका, तिकोनी शिडं काढली. १२ पट्ट्यांचं कवच केलं, फरक लगेच दिसतोय. दोन शंका आहेत.

एक, वारा वाढला तर शीड कमी कसं करायचं? वरून गोळा करता येत नसेल तर "अर्धं शीड" हा पर्यायच उरत नाही का?

दोन, सुकाणूच्या दांड्याजवळ कॅमेरा ठेवला तर समोर कॅसलचे खांब आणि शीड, बाकी काही दिसत नाही. दांडा कॅसलवर घेऊ का?

दोर_आणि_शीड

पहिलीचं उत्तर बॉनेट. मुख्य शिडाच्या खालच्या कडेला कापडाची वेगळी पट्टी दोरीने ओवून जोडलेली असते. वारा वाढला की ओवलेली दोरी सोडायची, पट्टी सुटते, शीड कमी झालं. चौदाव्या शतकात हीच पद्धत रुळली. त्याआधीच्या काही मुद्रांवर शिडावर बांधायच्या दोऱ्यांच्या ओळी दिसतात, त्या पुढे कित्येक पिढ्या मागे पडल्या.

म्हणजे खेळात चार अवस्था: यार्ड खाली, फक्त मुख्य शीड, एक बॉनेट, दोन बॉनेट. सरकपट्टी ठेवू नका, पायऱ्या ठेवा. बॉनेट जोडायला यार्ड खाली घ्यावा लागतो, तेव्हा हा निर्णय वादळ येण्याआधीच घ्यावा लागेल. खेळ म्हणूनही हे सरकपट्टीपेक्षा चांगलं.

दुसरीचं: दांडा खालीच राहू द्या. तो कॅसलच्या मजल्याखाली चालतो आणि सुकाणूवाल्याला समोरचं धड दिसत नाही, हे खरंच तसं आहे. वर उभा असलेला माणूस ओरडून सांगतो, खालचा दांडा ढकलतो. खेळाडूला वर उभं करा, दांड्यावर एनपीसी (संगणक चालवतो ते पात्र) ठेवा, बटण दाबलं की हुकूम जाईल. सेकंदभर उशिराने जहाज वळू लागेल. तो उशीर ठेवा.

वाऱ्याचा_कोन

मॉडेल मार्गी लागलं, आता हालचाल. "खेळण्यातलं वाटतं" याचं अर्धं कारण इथे आहे.

वस्तुमान: ब्रेमेन कॉग सुमारे ९० टन माल नेऊ शकेल असा अंदाज धरतात. मालासकट जहाज १५० टनांच्या घरात धरा. पाण्यात बुड सव्वादोन मीटरच्या आसपास.

शिडावरचा जोर: ०.५ × हवेची घनता १.२ × गुणांक १.२ × क्षेत्रफळ २०० × वेगाचा वर्ग. मागून ८ मी./सेकंद वारा आणि जहाज स्थिर असेल तर सुमारे ९,२०० न्यूटन. १५० टनांना भागलं तर त्वरण ०.०६ मी./सेकंद² निघतं. म्हणजे जहाज दोन-तीन मिनिटांत हळूहळू वेग धरेल. तुमचं आत्ता चार सेकंदांत धरतंय, मोटारबोटीसारखं.

इथे नेहमी होणारी चूक: वाऱ्याचा वेग जगाच्या हिशोबाने घेतला जातो. जहाज ३ मी./सेकंदने पळू लागलं की त्याच्या शिडाला वारा ८ नव्हे, ५चा लागतो, आणि जोर ९,२००वरून ३,६००वर येतो. वजाबाकी विसरलात तर जहाज वेग घेतच राहतं, मग लोक ते पाण्याचं ड्रॅग (पाण्याचा अडथळा) वाढवून दाबतात, आणि मंद वाऱ्यात जहाज हलतच नाही. आधी सापेक्ष वारा, मग ड्रॅग.

वेगाचा तक्ता, वारा ८ मी./सेकंद असताना खेळात सुरुवातीला ठेवायचे आकडे (ऐतिहासिक नोंद म्हणून वाचू नका):
वाऱ्याच्या रोखापासून ० ते ६५ अंश: पुढे गती नाही, जहाज मागे रेटलं जातं.
७५ अंश: २ नॉट.
९० अंश: साडेतीन ते ४.
१२० ते १५० अंश: ६, सर्वांत जास्त.
१८० अंश, थेट मागून: ५.
एक नॉट म्हणजे ०.५१४ मी./सेकंद.

यावर बाजूला वाहणं मिळवा. तळ सपाट, कणा उथळ, त्यामुळे वारा बाजूचा असला की जहाज तिरकं सरकतं. ७५ अंशांवर १५ अंशांचं सरकणं धरा: नाळ ७५वर, पण प्रत्यक्ष मार्ग ९०वर. म्हणजे वाऱ्याच्या दिशेने काहीच कमाई नाही! कॉगच्या प्रतिकृती समुद्रात चालवल्या तेव्हाही वाऱ्याविरुद्ध जाणं त्यांना जवळपास जमलं नाही. नागमोडी जाऊन वाऱ्यावर मात करणारं कॉग दाखवाल तर ते कॉग नाही.

वळणं: वाऱ्याच्या डोळ्यातून, म्हणजे वारा येतो त्या दिशेवरून, नाळ फिरवू देऊ नका. वाऱ्याकडे पाठ करून मोठा वळसा, तीन-चार जहाजलांब्यांचा. त्या वळशात वारा जिकडे वाहतो त्या बाजूला मोकळं पाणी लागतं, आणि खडक जवळ असताना खेळाडूची गाळण उडते.

डोलणं: गुरुत्वमध्य इंजिनवर सोडू नका. ते मेशच्या आकारावरून काढतं, कॅसल आणि डोलकाठी त्याला वर खेचतात, आणि पहिल्याच लाटेला जहाज आडवं. गुरुत्वमध्य हाताने पाण्याच्या पातळीजवळ ठेवा. रिकाम्या जहाजात तळाला दगडांचं वजन हवं. ते काढलं तर कलंडू द्या. रुंद सपाट जहाज आहे, एक डोलणं सहा सेकंदांच्या आसपास. दहा-बारा सेकंदांचं संथ झुलणं मोठ्या जहाजांना शोभतं.

खेळ_आधी

हे सगळं बरोबर असेल, पण ल्यूबेकहून निघालेल्या खेळाडूला समोरून वारा लागला तर त्याने काय करायचं? एज ऑफ एम्पायर्स २मध्ये जहाजं जागच्या जागी वळतात, वारा हा प्रकारच नाही, आणि १९९९पासून लोक आनंदाने खेळताहेत. ६५ अंशांपर्यंत गती शून्य ठेवलीत तर निम्मे लोक पहिल्या तासात खेळ सोडतील.

वाऱ्याचा_कोन

वरून पाहायच्या खेळात जहाज ही एक सोंगटी असते, तिथे ते चालतं. इथे खेळाडू डेकवर उभा आहे आणि शीड त्याच्या डोक्यावर फुगलेलं आहे. पण मुद्दा रास्त आहे. समोरून वारा लागला तर त्या काळचे लोक जे करत तेच द्या: नांगर टाकून थांबायचं. ल्यूबेक त्राव्ह नदीवर, समुद्रापासून आत आहे. बाहेर पडायचं ते त्राव्हेम्युंडेला. तिथे वारा फिरेपर्यंत वेळ पुढे सरकवता येईल असं करा, दिवसागणिक खलाशांचं अन्न आणि मजुरी वजा होईल. निघायचं की थांबायचं, हा या व्यापारातला खरा डाव आहे. वारा पूर्ण बंद करायचा पर्याय सेटिंगमध्ये ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आणि कोपऱ्यातला नकाशा काढून शिसं द्या. १४५९च्या फ्रा मौरोच्या नकाशावर टीप आहे की बाल्टिकमध्ये लोक नकाशा आणि होकायंत्राने नाही, शिशाने मार्ग काढतात. दोरीला शिशाचं वजन, त्याच्या बुडाच्या खळग्यात चरबी. खोली कळते, आणि चरबीला चिकटून तळाची वाळू, चिखल नाहीतर शिंपले वर येतात. प्रत्येक भागाच्या तळाला वेगळं मटेरियल आधीच दिलेलं असेल, तेच वाचून चरबीवर दाखवायचं. कोडच्या दहा ओळी.

फळीवर_फळी

एक राहिलं. मागच्या कॅसलवर एका कोपऱ्यात शौचकूप ठेवा, फळीला भोक आणि खाली समुद्र. ब्रेमेन कॉगवर ते आहे. तुमच्या कॅसलच्या मागच्या कोपऱ्यात सध्या कंदील टांगलाय, तो हलवला की जागा होते.